अंबुबाईंचा रोहू

अंबुबाईंनी तो मासा उभ्या जन्मात पाहिला नव्हता, पण दुपारी जरा डोळा लागला की तो हमखास यायचा. स्वयंपाकघराच्या दारातून आत, ओट्याखालून, गॅसच्या सिलिंडरला वळसा घालून, अगदी निवांत. घरात एवढं पाणी कुठून आलं, हा प्रश्न स्वप्नात पडत नाही. अंबुबाई चटईवर आडव्या, केसांतून पाणी वाहतंय, आणि हा लालसर परांचा जाडजूड रोहू तोंड मिटत-उघडत त्यांच्या उशाशी येऊन थांबायचा. तो काही बोलायचा नाही आणि त्याही नाही. दोघांचं काय ते ठरलेलं होतं. तू गळाला लागू नकोस, मी लागू देत नाही.

आता हे असलं कुणाला सांगावं तर लोक वेड्यातच काढतील! म्हणून त्यांनी सांगितलंही नव्हतं. नवऱ्याला तर नाहीच नाही, कारण सगळा मामला नवऱ्याचाच होता.

येलहंक्याच्या जुन्या पेठेत मारुतीच्या देवळामागे त्यांचं घर. दोघांच्याही घराण्यांना या मुलखात येऊन तीन-चारशे वर्षं होऊन गेलेली. कुणाच्या फौजेबरोबर आलो हे विचारलं तर प्रत्येक काका वेगळं सांगायचा, आणि सगळे छातीठोकपणे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि उंबऱ्यावर दोन्हींची खिचडी. ‘स्वल्प थांबा’ आणि ‘सरी, येते मी’ यात आपण काही वेगळं बोलतो असं अंबुबाईंना कधी वाटलंच नाही. त्यांची सून मुग्धा पुण्याची. ती लग्न होऊन आली तेव्हा हे ऐकून तोंडावर हात ठेवून हसली होती. आता तिच्याही तोंडात ‘स्वल्प’ बसलंय.

अंबुबाईंचा नवरा जयसिंगराव म्हणजे उंच, सावळा, कमी बोलणारा माणूस. रेल्वेच्या चाकांच्या कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गळ घेऊन केऱ्यावर जाऊन बसले. केरं म्हणजे तळं. इथं तळ्याला कुणी तळं म्हणत नाही. नोकरीत असताना रविवारी जायचे, ते आता रोज. गांडुळावर जिलेबी मासे मिळायचे, त्यांचं कालवण व्हायचं, सगळं ठीक चाललं होतं. मग थोरले दीर गेले. त्यांचं दिवसकार्य उरकून दोघं घरी आली, तिन्हीसांजेची वेळ, देवापाशी दिवा लावलेला, आणि चहाचा पेला हातात घेऊन जयसिंगराव म्हणाले, “तुबापाशी, त्या पाणी सोडायच्या दारापाशी, एक म्हातारा रोहू आहे बघ. तेवढा एकदा हाताला लागू दे. मग मी डोळे मिटायला मोकळा.”

आणि भिंतीवर पाल चुकचुकली.

अंबुबाईंनी आधी पालीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. तुम्ही-आम्ही हसून सोडून देऊ. माणूस दमला की असं काहीबाही बोलतोच. पण घरातली वास्तू कान देऊन बसलेली असते, आणि तिन्हीसांजेला बोललेल्या शब्दाला ती ‘तथास्तु’ म्हणते, हे अंबुबाईंना नुसतं ऐकून माहीत नव्हतं. त्यांनी ते बघितलं होतं. त्यांची आई उठता-बसता म्हणायची, “एकदा अंबूचं लग्न झालं की मी सुटले.” मार्गशीर्षात अंबूचं लग्न झालं आणि संक्रांतीच्या आत आई सुटली. ताप नाही, दुखणं नाही. तेव्हापासून तोंडातून निघालेल्या शब्दाचं अंबुबाईंना भय बसलं ते बसलंच.

“असं काय बोलता हो भरल्या घरात!” त्या ओरडल्या. जयसिंगराव नुसती मान हलवून चहा प्यायले. बोलून मोकळा झाला होता माणूस; पुढचं निस्तरायला बायको होतीच.

ती रात्र अंबुबाईंनी विचार करण्यात घालवली आणि सकाळी त्यांना उपाय सापडला. रोहू काही गांडुळाला भुलत नाही, त्याला पिठाचा गोळा लागतो. नाचणीचं पीठ, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, गुळाचं पाणी. हा गोळा मळून द्यायचं काम घरात कुणाचं? अंबुबाईंचं! त्या दिवसापासून त्या पिठात मूठभर तांदळाचा कोंडा घालू लागल्या. हातात गोळा छान लागायचा, गळावर बसायचाही झकास. पाण्यात गेला की मात्र कोंडा फुगायचा आणि गोळा सुटून जायचा. रोहू येईपर्यंत खाली उरायचा नुसता लोखंडी आकडा. सुटलेलं पीठ अर्थात त्याच्याच पोटात जायचं, म्हणजे अंबुबाई नवऱ्याच्या हाताने त्या माशाला रोज जेवूच घालत होत्या म्हणा ना.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा आपल्या माणसाचा जीव त्या रोहूत अडकलाय, हे त्यांच्या मनाने एकदा घेतलं ते घेतलं. मग तो मासा त्यांना स्वप्नात दिसायला लागला. काही दिवसांनी त्यांना त्याचा स्वभावसुद्धा कळायला लागला. आळशी आहे, खादाड आहे, ऊन आवडत नाही. भाजी निवडताना मधेच हात थांबायचे आणि त्या केऱ्याच्या तळाशी जाऊन यायच्या. तिथं हिरवट उजेड असायचा, शेवाळ हलायचं, आणि वरून त्यांनीच मळलेलं पीठ भुरभुर पडत असायचं. कुकरची शिट्टी झाली की परत घरात.

दुपारी जयसिंगराव परत यायचे. फाटक वाजायचं, चपला निघायच्या, पिशवी खुंटीला लागायची. “काय झालं?” “काही नाही झालं.” “बरं, हात धुवा.” बांधावरचे इतर गळवाले त्यांना “अण्णा, इवत्तू इल्लवा?” म्हणून रोज चिडवायचे, आजही नाहीच का, म्हणून. तेही जयसिंगराव पानावर बसल्यावर स्वतःच सांगायचे आणि हसायचे. अंबुबाईंना वाईट वाटायचं. पण वाईट वाटणं परवडलं, दुसरं काही परवडणार नव्हतं.

सगळ्यांत जपायचे दिवस म्हणजे भाद्रपद सरतानाचे. पाऊस माघारी निघालेला असतो. दिवसा ऊन असं की पाठ भाजते, आणि पहाटे पायाशी टाकलेलं पांघरूण आपोआप वर ओढलं जातं. केऱ्याचं पाणी वर कोमट आणि खाली गार होतं. सकाळी त्यावर धुकं बसतं, चतुर उडतात, आणि थंडीआधी पोट भरून घ्यायला मोठे मासे खोलातून बांधाकडे सरकतात. “आता पंधरवडाभरच खरी मजा,” जयसिंगराव म्हणायचे आणि पहाटेच निघायचे. त्या पंधरवड्यात अंबुबाई कोंड्याच्या दोन मुठी घालायच्या.

आणि यंदा नेमकं त्याच वेळी हात मोडला. गौरी बोळवायच्या दिवशी न्हाणीत पाय घसरला आणि उजवं मनगट गेलं. कोपरापर्यंत प्लास्टर. बनशंकरीच्या फ्लॅटमधून मुलगा यशोवर्धन धावत आला आणि मुग्धाला लॅपटॉपसकट इथं ठेवून गेला. मुग्धा गुणी मुलगी. मीटिंग संपली की पोळ्या, पोळ्या संपल्या की मीटिंग. पहिले काही दिवस जयसिंगरावांनी केऱ्यावर जाणंच बंद केलं होतं, त्यामुळे अंबुबाई निर्धास्त होत्या. मोडलेल्या हाताचा एवढा फायदा कुणाला झाला नसेल! पण एका संध्याकाळी मुग्धा म्हणाली, “बाबा, तुम्ही माझ्यामुळे घरी थांबू नका हं. मी आहे ना आईंजवळ. ते गळाच्या पिठाचं डो पण मी करून देते, त्यात काय एवढं? युट्यूबवर असतं सगळं.”

अंबुबाईंनी लगेच डावा हात उडवला.

“अगं, राहू दे गं, तुला ऑफिस असतं.”

“दहा मिनिटांचं काम आहे, आई.”

“मी सांगते तसं कर मग. थोडा कोंडा घालावा लागतो, त्या डब्यात—”

“कोंडा नाही घालायचा, आई! त्याने बाइंडिंग जातं. उलट नाचणी आधी शिजवून घ्यायची, थोडा मैदा टाकायचा आणि एक अंडं.” मुग्धाने बाह्या वर केल्या. “असा घट्ट करते ना, बघाच तुम्ही.”

काय बोलणार? खरं सांगायचं म्हणजे ते शब्द उच्चारायचे, आणि तेही घरात, छपराखाली, वास्तूच्या कानावर पुन्हा घालायचे. ते अंबुबाईंच्याने झालं नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या. पोरीचे हात असे चालत होते की दुसऱ्या वेळी सासूने कौतुक केलं असतं.

सकाळी अंबुबाईंना उशिरा जाग आली. दुखण्याच्या गोळीची गुंगी होती. जयसिंगराव कधीच गेले होते. आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून मुग्धा कुणाशी तरी इंग्रजीत हुज्जत घालत होती. अंबुबाई पाणी प्यायला ओट्याशी गेल्या. तिथं काचेचा ग्लास होता, काठोकाठ पाणी भरलेला, आणि तळाशी पिठाचा एक गोळा. मुग्धाने हेडफोन जरा सरकवून बाहेर डोकावलं. “टेस्ट केली मी, आई! रात्रभर ठेवलाय पाण्यात. बघा, कणसुद्धा सुटला नाही.” आणि पुन्हा आत गेली.

अंबुबाई ग्लासाकडे बघत राहिल्या. पाणी नितळ होतं आणि गोळा होता तसा होता. खिडकीतून तिरपं ऊन ग्लासात शिरलं होतं. बघता बघता त्यांना ग्लासच केऱ्याएवढा दिसायला लागला. आणि खोलातून तो येत होता. आळशी, खादाड, रोजच्या जेवणाला सोकावलेला. त्याला कुठं ठाऊक होतं की आज वाढणारी बदलली आहे?

त्यांनी एका हाताने कसाबसा पदर सारखा केला आणि चपला घातल्या. कोपऱ्यावर रघुपती रिक्षात पेपर वाचत बसला होता. वर्षानुवर्षांचा ओळखीचा. “एल्लिगम्मा, हात असा घेऊन?” त्याने विचारलं. “केऱ्यावर,” अंबुबाई म्हणाल्या, “आणि लवकर चल बाबा.” त्याने एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग काही विचारलं नाही.

खरं वाटणार नाही, पण एवढ्या संसारात त्या बांधावर कधी गेल्याच नव्हत्या. तो पुरुषांचा भाग, असं एकदा ठरलं होतं आणि कुणी मोडलं नव्हतं. रिक्षा खाली थांबली, त्या चढ चढून वर आल्या, आणि क्षणभर कशाला आलो तेच विसरल्या. केवढं पाणी! धुकं विरत आलं होतं, पण पलीकडचा काठ अजून दिसत नव्हता. चोचीखाली झोळी असलेले पांढरे पक्षी पाण्यावर बसून होते, हलत नव्हते. ऊन होतं आणि गारवाही होता. आपण जागे आहोत की चटईवर पडलोय, हे अंबुबाईंना कळेना. स्वप्नातलं पाणी असंच असायचं, फक्त इथं भांडी नव्हती.

मग त्यांना तुबाची जुनी दगडी चौकट दिसली, शेताला पाणी सोडायची. तिच्या बाजूला करंजाचं झाड. झाडाला टेकून जयसिंगराव बसले होते. हनुवटी छातीला लागली होती. टोपी बाजूला पडली होती आणि गळाची काठी गवतात आडवी होती.

“अहो!” अंबुबाईंनी हाक मारली. नेमकं त्याच वेळी हवाई दलाचं एक विमान डोक्यावरून गेलं आणि हाक त्यात बुडाली. विमान गेलं. झाडाखालचा माणूस हलला नाही. “अहो!” या वेळी आवाजच फुटला नाही. त्या होत्या तिथंच बांधाच्या दगडांवर बसल्या.

रडू आलं नाही. आला तो संताप, आणि तो सगळा त्या माशावर. “मेल्या,” त्या पाण्याकडे बघून म्हणाल्या, आधी हळू आणि मग चांगल्या मोठ्याने, “मेल्या खादाडा! इतकी वर्षं खाऊ घातलं तुला! माझ्या हातचं खाऊन खाऊन पोसलास, आणि एक दिवस, एकच दिवस तुला उपाशी राहवलं नाही? हेच इमान तुझं? कसलं एवढं खाणं ते! घेऊन गेलास ना माझ्या माणसाला? घेऊन गेलास ना?”

“कुणाला शिव्या घालतेस गं, अंबू?”

जयसिंगराव मान वळवून बघत होते. डोळे किलकिले, दंडावर झाडाच्या सालीचे वळ उठलेले.

“झोपलात?” अंबुबाई किंचाळल्या. “हे काय झोपायचं ठिकाण आहे? काठी टाकून, टोपी टाकून, मेल्यासारखं पडायचं!”

“झोपलो नव्हतो. जरा डोळे मिटून बसलो होतो.”

“मिटू नका! खबरदार डोळे मिटलेत तर!”

जयसिंगराव उठले, गुडघे चोळत जवळ आले, आणि त्यांच्या शेजारी दगडावर बसले. बायको इथं कशी, एवढ्या सकाळी, मोडक्या हाताने, हे काही त्यांनी विचारलं नाही. पाण्यात सोडलेल्या जाळीच्या पिशवीकडे बोट दाखवलं. दोरी ताणलेली होती. “लागला,” ते म्हणाले.

“तोच?”

“तोच. पहिल्याच गोळ्याला. मुग्धाच्या पिठात ताकद आहे हो.” पायाचं गवत झटकत पुढे म्हणाले, “मला वाटलं होतं, फार आनंद होईल. झाला पण. स्वल्प झाला. मग विचार करत बसलो, उद्या कशाला यायचं.”

अंबुबाई दोरीकडे बघत होत्या.

“तुझा कोंडाच बरा होता,” जयसिंगराव म्हणाले.

त्यांनी चमकून मान वळवली. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“कोंडा तरंगतो, अंबू. मी काय आंधळा आहे? रोज माझ्यासमोर वर यायचा.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“मला वाटलं, मी लवकर घरी येऊन तुझं डोकं खाऊ नये म्हणून घालतेस. म्हटलं, असू दे. तुला दुपारपर्यंत निवांत मिळतंय तर मिळू दे.”

अंबुबाईंना हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. त्यांनी वर पाहिलं. इथं छप्पर नव्हतं, भिंती नव्हत्या, वास्तूचा कान पोचेल असं काहीच नव्हतं. म्हणून मग त्यांनी सांगितलं. थोरल्या दिरांचं कार्य, तिन्हीसांज, चहाचा पेला, पाल, आणि तो मासा मिळाल्यावर डोळे मिटायचं ते बोलणं. आईचंही सांगितलं. प्रत्येक सकाळी पिठात मूठ घालताना छातीत कसं व्हायचं, तेही सांगितलं. “तुम्ही गेलात तर मी काय करायचं होतं?” त्या म्हणाल्या. “ते कुणी विचारलं का मला?”

“असं मी म्हटलं होतं?” जयसिंगरावांनी विचारलं.

“तुम्हाला आठवतही नाही?”

“नाही गं.”

असं असतं पाहा! ज्याच्या एका वाक्यापायी बाईने इतक्या वर्षांची झोप घालवली, त्याच्या ते वाक्य गावीही नव्हतं. अंबुबाईंना राग यायला हवा होता. पण त्या एवढ्या हलक्या झाल्या होत्या की रागाला बसायला जागा नव्हती.

जयसिंगराव उतारावरून खाली गेले, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरून पिशवी वर ओढली. “ये, बघून तर घे,” त्यांनी हाक मारली. अंबुबाई खाली आल्या. मासा मोठा होता, पण स्वप्नातल्याइतका नाही. खवले काही ठिकाणी गेलेले, ओठाला गळाची ताजी जखम. लालसर पर तेवढे तसेच होते. त्याने अंबुबाईंना ओळख दाखवली नाही. जयसिंगरावांनी दोन्ही हातांनी पाण्याखालीच त्याला धरून ठेवलं, त्याचा दम परत येईपर्यंत, आणि मग हात उघडले. तो क्षणभर तिथंच थांबला आणि मग खोलात गेला.

“आता ते शब्द मागे घ्या,” अंबुबाई म्हणाल्या.

“घेतले.”

“असे नाही. नीट, उभं राहून.”

जयसिंगराव ओल्या पायांनी उभे राहिले. आजूबाजूला कुणी नाही हे पाहून घेतलं, घसा खाकरला. “मी काही मोकळा-बिकळा नाही,” ते केऱ्याला म्हणाले. “अजून पुष्कळ कामं राहिलीत.”

“कुठली?”

“ते आठवावं लागेल.” ते हसले आणि काठी आवरायला बसले. दोरा गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारलं, “आणि तुझं गं? तुझी काय इच्छा राहिलीय? एवढ्या वर्षांत तू कधी बोलली नाहीस.”

अंबुबाईंची इच्छा होती. एकच होती. हा माणूस रोज सकाळी घरातून जावा आणि रोज दुपारी भुकेला होऊन परत यावा. बस, तेवढंच, आणि ते कधी संपू नये. उघड्या आभाळाखाली, कुणी ऐकणार नसतानासुद्धा, हे बोलायचं धाडस त्यांना झालं नाही.

“आहे एक,” त्या म्हणाल्या. “पण सांगणार नाही.”

“बरं,” जयसिंगराव म्हणाले.

“चला आता. सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. भूक लागली असेल.”

“लागलीय,” जयसिंगराव म्हणाले, आणि अंबुबाईंना एकदम रडू फुटलं.